पाण्याला वेळ सांगू नये

ब्लँकेट अर्धं पिळून झालं होतं. एक टोक वहिनींच्या मुठीत, दुसरं मासेवाल्या ताईंच्या, आणि मधे जाडजूड ओला पीळ. वहिनींकडे धुवायला येणारी लॉजची ब्लँकेटं मशीनमध्ये मावत नाहीत आणि एकट्यादुकट्याला पिळवत नाहीत. दोघींनी दोन बाजूंना मुरगळायचं, तेव्हा कुठे त्यातलं पाणी निघतं. वहिनींनी दात आवळून शेवटचा पीळ द्यायला घेतला आणि कमरेला खोचलेला फोन वाजू लागला.

“वाजलं तुमचं घड्याळ,” ताई म्हणाल्या. “सासऱ्यांची गोळी ना?”

“हो. हे आहेत घरात, देतील. तुम्ही सोडू नका.”

पण सोडलं वहिनींनीच. त्यांची नजर सहज खालच्या पायरीकडे गेली होती. वारा नव्हता, होडी नव्हती, पायरीवर चिटपाखरू नव्हतं, तरी तिथलं पाणी उकळी फुटल्यासारखं हलत होतं. मासे होते ते. लहानमोठे, एकमेकांच्या अंगावर चढलेले, तोंडं वर करून वाट बघणारे. रोज त्यांना तुकडे टाकणारे सासरे, बाबा, तर अजून घरातच होते, गोळी गिळत असतील. पावाच्या शिळ्या तुकड्यांची पिशवी अजून खुंटीलाच असेल. आणि मासे मात्र येऊन थांबले होते.

वहिनींच्या हातातलं टोक निसटलं. पीळ गरगर उलगडला आणि त्याचा ओला फटका ताईंच्या तोंडावर बसला.

“अगं बाई! आंघोळ करून आलेय मी!”

वहिनींना हसू आलं नाही. त्या पलीकडच्या काठाकडे बघत होत्या. ऊन चांगलं तापलं होतं आणि तिथली वाळू रिकामी होती.

“ताई, आत्याबाई कुठे आहेत?”

ताईंनी तोंड पुसत पलीकडे पाहिलं. “असतील कुठेतरी. आपल्याला सांगून जातात का?” असं म्हणाल्या खऱ्या, पण म्हणता म्हणता पाण्यापासून दोन पावलं मागे सरकल्या.

आत्याबाई म्हणजे मगर. नदीकाठच्या या वस्तीत पाण्याजवळ तिचं नाव घेत नाहीत. नवऱ्याच्या आत्याला नवी सून जशी वचकून असते, तशी ही वस्ती तिला वचकून असते, म्हणून आत्याबाई. ‘मिशा नाहीत, पण दात आहेत,’ असं टवाळ लोक वर जोडतात. ती पलीकडच्या वाळूवर ऊन खात पडायची आणि अलीकडे बायका कपडे धुवायच्या. धुण्याच्या दगडांभोवती पाण्यात खुंट ठोकून कुंपण केलेलं आहे, मासे कुणी पायऱ्यांवर साफ करत नाही, गुरांना पाणी वर हौदात पाजतात. एवढं सांभाळलं की आत्याबाईही आपली पायरी सांभाळून असतात. पण या सगळ्याहून मोठा नियम वेगळाच होता, आणि तो कुठे लिहिलेला नव्हता: पाण्याला वेळ सांगू नये.

म्हणजे असं, की पाण्यावर एकाच जागी, एकाच वेळी रोज जायचं नाही. आज सकाळी गेलात तर उद्या उन्हं कलल्यावर जा. आज डावीकडून उतरलात तर उद्या उजवीकडून. मगर धावत सुटत नाही, ती वाट बघते. तिच्यासारखी धीराची दुसरी कुणी नाही. रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी येणारं जे काही असेल, मग ते वासरू असो की माणूस, त्याची ती मनात नोंद करते. म्हणून या वस्तीतल्या माणसांना कुठलीच गोष्ट वेळेवर करायची सवय नाही. गावातली माणसं त्यांना हसतात. ‘नदीकाठचा पाहुणा येणार असेल तर आदल्या दिवशीचं आमंत्रण द्या’ म्हणतात. हसोत बिचारी. त्यांच्या नळात कुणी दबा धरून बसलेलं नसतं.

वहिनी मात्र घड्याळाच्या घरातून आलेल्या. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. घरभर टिकटिक. उठणं, जेवण, प्रार्थना, सगळं काट्यावर. लग्न होऊन इथे आल्या आणि रोज उजाडता उजाडता बादली घेऊन त्याच पायरीवर जायला लागल्या. आठवडाभरात सासऱ्यांनी दारात अडवलं.

“पोरी, घड्याळ घरात ठेवायचं. पाण्यावर न्यायचं नाही.”

बाबा म्हणजे जुने नावाडी. पूल होण्याआधी सगळं गाव त्यांच्या होडीतून पलीकडे जायचं. त्यांनीच वहिनींना पाणी वाचायला शिकवलं. ओंडका कोणता आणि पाठ कोणती, बुडबुडे कासवाचे कसे आणि तिचे कसे, सगळं. वहिनींना सुरुवातीला फार जड गेलं. शेवटी त्यांनी स्वतःशी तडजोड केली. प्रार्थना वेळेवर, पाणी अवेळी. देवाला वेळ सांगितली तर चालते, तो काही दबा धरून बसत नाही. त्यानेच तिला दात दिले आणि आपल्याला भीती दिली, दोन्ही मोजूनमापूनच दिलं असणार, असं त्या मानायच्या, आणि त्यावर त्यांचा संसार आजवर सुखाने चालला होता.

मग बाबा आजारी पडले. छातीचं दुखणं. डॉक्टर भला माणूस, त्याने जीव वाचवला आणि बजावलं, गोळी ठरल्या वेळी, जेवण ठरल्या वेळी, थोडं चालणं ठरल्या वेळी. वहिनींच्या माहेरचं रक्त जागं झालं. त्यांनी फोनवर गजर लावले. नवऱ्याने, बाबांचा तोल जायला नको म्हणून, पायऱ्यांच्या एका बाजूने पार खालपर्यंत लोखंडी कठडा बसवून घेतला. बाबा सुधारले, गालावर तेज आलं. गजर झाला की गोळी घ्यायची, गोळी झाली की पिशवी घ्यायची, कठडा धरून खालच्या पायरीवर जायचं आणि माशांना तुकडे टाकायचे. एवढाच त्यांचा दिवसाचा आनंद. सगळे म्हणाले, सून असावी तर अशी.

आणि त्या मायेपोटीच सगळं घडून बसलं होतं. रोज तीच वेळ, तीच पायरी. मासे ती शिकले, तशा आत्याबाईही शिकल्या असणार. ज्या माणसाने नियम शिकवला, त्यालाच वहिनींनी नियमाबाहेर नेऊन उभं केलं होतं. बाबांची नजर अधू झालेली, पलीकडची वाळू त्यांना आता नुसत्या पांढऱ्या पट्ट्यासारखी दिसायची. पट्टा रिकामा आहे की नाही, हे त्यांना कळणार कसं?

वहिनी ओल्या पायांनी धावत वर गेल्या. बाबा पिशवी घेऊन उंबऱ्यातच भेटले.

“बाबा, थांबा! ते ब्लँकेट... ताईंचा हात लचकला. जरा टोक धरता का वर अंगणात?”

“माझ्याच्याने पिळवणार आहे होय?”

“नुसतं धरा.”

बाबांनी धरलं. मागून ब्लँकेट उचलून आणलेल्या ताई लचकलेला हात म्हणे कोणता, ते न कळून कधी हा, कधी तो हात चोळत उभ्या राहिल्या. तो दिवस निभावला. पण वहिनींना खोटं बोलवत नसे, त्यातून ते बाबांशी. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांचं चित्त लागलं नाही. हात जोडलेले आणि कान पायऱ्यांकडे.

नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं. तो इस्त्री करत होता. लॉजच्या चादरींचा ढीग एकीकडे, घड्या दुसरीकडे.

“मग सरळ वनखात्याला फोन करू. पिंजरा लावतील, घेऊन जातील.”

“अहो, मागची नेली तेव्हा काय झालं ते आठवतंय ना?”

त्याला आठवत होतं. इस्त्री त्याच्या हातात थबकली. मागे एकदा वस्तीने आरडाओरडा करून एक मगर पकडून न्यायला लावली होती. वाळू रिकामी राहिली थोडे दिवस. मग कुठून तरी दुसरी आली, तरणी, अनोळखी. तिला वस्तीची रीत माहीत नव्हती आणि वस्तीला तिची. शेळ्या गेल्या, एका बाईच्या पोटरीवर दातांचे व्रण अजून आहेत. सगळं स्थिरावायला फार काळ लागला. स्थिरावली, तीच ही आत्याबाई.

“म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं,” तो म्हणाला. “मग बाबांनाच सांग सरळ.”

“मी? नदीतलं बाबांना मी सांगू? तुम्ही मुलगा आहात ना त्यांचे?”

“म्हणून तर. माझं ऐकतील का? मी पोहायला शिकलो तेव्हापासून ते मला बुडताना बघतायत.”

सांगायचं कसं? ज्याने उभा जन्म गावाला पाण्यावरून सुखरूप नेलं, त्याला म्हणायचं, बाबा, तुम्हाला आता पाणी कळत नाही? गोळीने वाचलेला माणूस या एका वाक्याने मोडायचा. आणि सांगितलं नाही, तर एक दिवस पायरीवर नुसती पिशवी सापडायची. ताटावरून त्या दोनदा उठल्या, एकदा कडी लावायला आणि एकदा लावलेली कडी बघायला.

दुसऱ्या दिवशी गजराच्या आधीच त्यांनी बाबांच्या चपला पिठाच्या डब्यामागे दडवल्या. बाबा घरभर फिरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माशांसाठी वेगळा पाव आणलाच नाही. बाबांनी स्वतःच्या ताटातला अर्धा राखून ठेवला. गोळी झाली की वहिनी त्यांच्यासमोर बसून उगाच बोलत राहायच्या, सुती चादरींबद्दल, निळीबद्दल, खळ जास्त झाली की कापड कसं कडक होतं त्याबद्दल.

“सूनबाई,” बाबा शेवटी म्हणाले, “मला खळ घातलीस का? उठू देत नाहीस ती!”

“बसा हो, बाबा. चहा टाकते.”

“चहा नको. माझ्या चपला पिठाच्या डब्यामागे कशा गेल्या ते सांग. उंदराने नेल्या म्हणू नकोस, तेवढा धष्टपुष्ट उंदीर आपल्याकडे नाही.”

वहिनींनी मांडीवरच्या चादरीची घडी मोडून पुन्हा घातली.

“मी काय दावणीचं जनावर आहे?” बाबांचा आवाज चढला नाही, उतरला. त्यानेच वहिनींना जास्त लागलं. “छातीने घेतलं ते घेतलं. राहिलेलं तुम्ही दोघं घ्या. भिंतीकडे तोंड करून बसतो.”

आणि खरंच बसले. वहिनींनी त्या दिवशी ठरवलं, आज सांगायचंच. गोळी दिली की लगेच. पण नेमके तेव्हाच लॉजचे मॅनेजर दारात उभे. हातात चादर, चादरीवर चहाचा डाग.

“वहिनी, हा डाग गेल्या वेळचाच आहे.”

“नाही हो, हा नवा आहे. जुना एवढा गोल नव्हता.”

“डाग मी काय ओळखत नाही?”

“मला ओळखता येतो ना. हा दुधाच्या चहाचा, तो कोऱ्या चहाचा होता. ठेवा, काढून देते.” असं बोलता बोलता त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. भिंतीसमोरची खुर्ची रिकामी होती. मागचं दार उघडं.

चादर मॅनेजरच्याच हातात कोंबून वहिनी पळाल्या.

बाबा खालच्या पायरीवर होते. अनवाणी. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हाताने पिशवीतून तुकडे काढून टाकत होते आणि पायाशी मासे नुसते उसळत होते. वहिनींच्या तोंडात हाक आली ती त्यांनी गिळली. हाकेने ते दचकतील, वळतील, शेवाळावर पाय जाईल. पदर खोचून त्या उतरत गेल्या, कपड्यांचा आवाजही होऊ न देता. उतरता उतरता पाण्यावर नजर. माशांच्या गर्दीपलीकडे पाणी सपाट होतं. फारच सपाट. त्यावर दोन फुगवटे दिसले, आणि पापणी लवेपर्यंत दिसेनासे झाले.

“बाबा.”

“आले पोलीस,” बाबा मागे न बघता म्हणाले. “बेड्या आणल्यास का चपला?”

“बाबा, मासे तुमच्या आधी येतात. गोळीचा गजर वाजला की येऊन थांबतात. त्या दिवशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही घरात होता आणि ते इथे तोंड उघडून.”

बाबांचा हात पिशवीतच राहिला. काय, का, कशाला, काही विचारलं नाही. नावाड्याला एवढं पुरलं. त्याच क्षणी मासे नाहीसे झाले. विझल्यासारखे, सगळेच्या सगळे. पायाशी नुसतं हिरवं पाणी उरलं.

“पाणी गप्प झालं,” बाबा पुटपुटले. “पोरी, वर सरक. मी येतो. पाठ फिरवू नकोस.”

ते मागे मागे एक पायरी चढले, मग दुसरी. वहिनींनी त्यांचा दंड धरला होता. त्यांना आपल्याच बोटांत त्यांची नाडी लागत होती, जलद, आणि डॉक्टरांनी एवढं जपायला सांगितलेली ती छाती, देवा, आता तरी तिला सांभाळ. वरच्या कोरड्या पायरीवर पोचल्यावर बाबा थांबले. खाली, नुकते त्यांचे पाय जिथे होते त्या पायरीला लागून, काहीएक आवाज न करता आत्याबाई वर आल्या. लांबलचक, ओल्या दगडासारख्या. जबडा मिटलेला. डोळा उघडा. पावाचा एक तुकडा नाकापुढे तरंगत होता, त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. रिकाम्या पायरीकडे मात्र बराच वेळ पाहिलं. मग आल्या तशा बुडाल्या.

दोघं वर कट्ट्यावर येऊन बसली. तेवढ्यात नवरा धावत आला, त्याच्यामागे चादर घेतलेले मॅनेजर आणि टोपली डोक्यावर असलेल्या मासेवाल्या ताई. नवऱ्याने खालचं हलतं पाणी पाहिलं, बापाचा पांढरा चेहरा पाहिला आणि खिशातून फोन काढला.

“बस झालं. मी लावतोच आता वनखात्याला.”

“लाव की,” बाबा म्हणाले. “काय सांगशील? म्हातारा रोज ताट वाढून बोलवायचा, पाहुणी आली, तिला पकडा?”

नवऱ्याचा अंगठा फोनवर तसाच राहिला.

“तिने काय चूक केली?” बाबा श्वास घेत घेत बोलत होते. “वाट बघितली. तिचं कामच ते. घड्याळ झालो तो मी.”

“तुम्ही नाही झालात,” वहिनींचा बांध फुटला. “मी केलं. गजर मी लावले. माहेरची खोड. चूक माझी आहे, बाबा.”

“कठडा मी बसवला,” नवरा म्हणाला.

“अरे, पाय माझे होते ना? माझ्या पायांची चूक तुम्ही दोघं वाटून घेता काय?” बाबा चिडले आणि चिडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. “चपला लपवण्यापेक्षा त्याच दिवशी बोलली असतीस तर! मला काय वाटलं, सुनेला माझा कंटाळा आला.”

“धीर झाला नाही, बाबा.”

“मगरीसमोर उतरायचा झाला, सासऱ्यासमोर बोलायचा नाही?”

“ती कमी रागावते,” मासेवाल्या ताई मधेच म्हणाल्या. बाबांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं आणि मग तेच आधी हसले. हसता हसता खोकले. वहिनींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पण त्यांची नजर काही पाण्यावरून हलेना.

पुढचं बाबांनीच ठरवलं. तुकडे बंद. मासे काही दिवस येतील, तोंडं उघडतील, मग कंटाळून पांगतील. मासे पांगले की आत्याबाईही वाळूवर जातील, त्यांना काही पायरीचा लळा नाही. तोवर खालच्या पायरीवर कुणी उतरायचं नाही, आणि चुकूनही कुणी उतरू नये म्हणून कठड्याच्या तोंडाशी आडवे बांबू बांधून वाट बंद करायची. वस्तीत हे घरोघर सांगायचं.

“मी सांगते,” वहिनी म्हणाल्या.

“तू नाही. मी. नावाड्याने पाण्याला वेळ सांगितली, हे नावाड्याच्याच तोंडून कळू दे. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, सुनेने म्हाताऱ्याला कोंडलं.”

“आणि मग तुम्ही दिवसभर काय करणार?” हे विचारायचं वहिनींच्या जिवावर आलं होतं, पण गेल्या दिवसांत न विचारल्याचं फळ त्यांनी पाहिलं होतं.

बाबा पायऱ्यांकडे पाहत राहिले, त्यांना जेवढं दिसत होतं तेवढ्याकडे. “माहीत नाही,” म्हणाले. “या कट्ट्यावर येऊन बसेन. कधीही. गोळी वेळेवर, मी अवेळी. जमेल तुला?”

वहिनींनी मान डोलावली. जमेल की नाही, त्यांनाही ठाऊक नव्हतं. रोज अवेळ शोधायची म्हणजे त्यांच्यासारखीला गजरापेक्षा कठीण. उद्या केव्हा, परवा केव्हा, हे आत्ताच डोक्यात फिरायला लागलं होतं, आणि ठरवलं की ती वेळच झाली, हेही.

“वहिनी, या चादरीचं काय?” मॅनेजरनी विचारलं.

“ठेवा दारात.”

“आणि हात?” मासेवाल्या ताई म्हणाल्या. “माझा लचकलेला हात कधी बरा होणार ते एकदा सांगून टाका, म्हणजे मी टोपली तरी उतरवते.”

बाबा नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि पहिल्या घराकडे निघाले. वहिनी क्षणभर कट्ट्याशी थांबल्या. पलीकडची वाळू अजून रिकामी होती. मधलं पाणी दिसायला शांत होतं. पायऱ्या अजून मोकळ्या होत्या, आणि पोरांची शाळा सुटायला आली होती.

त्यांनी ओला पदर पिळला, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि बांबू आणायला वखारीकडे निघाल्या.